कायदेमंडळातील गोपाळ कृष्ण गोखले : अधिकाराविना लोकप्रतिनिधित्वाचा एक अभ्यास

हिंदुस्थानातील आरंभीच्या कायदेमंडळांचा इतिहास बहुधा पार्लमेंटच्या कायद्यांवरून लिहिला जातो. इ. स. १८६१ चा कायदा, १८९२ चा कायदा, १९०९ च्या सुधारणा आणि १९१९ चा कायदा अशा चार पायऱ्या मांडल्या, की संस्थेच्या वाढीचा आलेख पुरा झाला असे मानण्याची रीत पडली आहे. परंतु कायद्याने दिलेली सत्ता आणि त्या सत्तेच्या मर्यादेत सभासदांनी प्रत्यक्ष केलेले कार्य या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या सभागृहात लोकपक्षाला बहुमत नाही, खर्चास मंजुरी देण्याचा वा ती नाकारण्याचा हक्क नाही आणि कित्येक वर्षे साधा ठराव मांडण्याचीही सोय नाही, तेथे लोकप्रतिनिधीने काय करावे, हा प्रश्न त्या काळी पुस्तकी नव्हता. तेथे जाण्यात अर्थ आहे किंवा नाही, यावरच महाराष्ट्राचे राजकारण दुभंगले होते. या प्रश्नाचा विचार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कायदेमंडळातील कारकिर्दीच्या आधारे करणे सर्वांत सोयीचे आहे, कारण इ. स. १८९९ च्या अखेरीपासून १९१५ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, ते प्रथम मुंबईच्या व नंतर कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात वावरले.

१. वेळणेश्वर, कोतळूक आणि कागल

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, हेदवीच्या उत्तरेस समुद्रकिनाऱ्यावर वसलेले वेळणेश्वर हे गाव गोखले कुळाचे मूळ स्थान मानले जाते. तेथील श्रीवेळणेश्वर हे शिवस्थान कोकणातील अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत आहे. गोपाळरावांच्या घराण्याची शाखा पुढे चिपळूण भागातील ताम्हनमळा येथे स्थिरावली. गोपाळरावांचा जन्म मात्र मातुल घराण्याच्या गावी, त्याच गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे, ९ मे १८६६ रोजी झाला. कोकणातील अपुरी शेती आणि घाटावरील नोकरी ही त्या काळच्या अनेक कुटुंबांची जी कहाणी, तीच याही कुटुंबाची होती. वडील कृष्णराव यांनी कोल्हापूर राज्यातील कागल येथे प्रथम कारकुनी व पुढे फौजदारी केली. इ. स. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठविले. इ. स. १८८४ मध्ये गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. नंतर पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेज यांतून त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून दरमहा ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ त्यांनी घेतली होती.

हा तपशील चरित्रकारांच्या परिचयाचा आहे. कायदेमंडळाच्या अभ्यासकाला त्यातून एवढेच टिपून घ्यावयाचे, की गोखले कायदेमंडळात आले ते जमीनदार म्हणून नव्हे, वकील म्हणून नव्हे किंवा व्यापारी म्हणूनही नव्हे. त्या काळच्या बिनसरकारी सभासदांत हे तीनच वर्ग प्रामुख्याने आढळत. गोखल्यांचा व्यवसाय शिक्षकाचा होता आणि त्यांच्या पाठीशी मालमत्ता नव्हती.

जिल्ह्याच्या दृष्टीने पाहता ते पहिले नव्हेत. दापोली तालुक्यातील मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक हे इ. स. १८७४ पासून मुंबईच्या आणि १८८४ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद होते. परंतु मंडलिकांची नेमणूक सरकारने केलेली होती आणि १८६१ च्या कायद्यान्वये सभासदाला पुढे असलेल्या बिलाखेरीज अन्य विषयावर बोलण्याची मुभा नव्हती. इ. स. १८९२ च्या कायद्याने दोन खिडक्या उघडल्या. सभासदांना प्रश्न विचारण्याची परवानगी मिळाली, उपप्रश्नाची मात्र मिळाली नाही. आणि वार्षिक अंदाजपत्रकावर चर्चा करता येऊ लागली, परंतु त्यावर मत देता येईना. त्याचबरोबर स्थानिक संस्थांनी निवडलेल्या व्यक्तींची सरकारने नेमणूक करावयाची, अशा आडवळणाने निवडणुकीचे तत्त्वही प्रथमच आत आले.

२. मुंबईचे कायदेमंडळ : सभात्यागाचा प्रयोग

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादन सांभाळले होते. सरकारी अहवाल वाचणे, त्यांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहणे आणि त्यांवर संयमी भाषेत टीका लिहिणे, हे शिक्षण त्यांना येथे मिळाले. इ. स. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे विलायतेत त्यांनी दिलेली साक्ष हे या शिक्षणाचे पहिले फळ होय. त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताविषयी आलेल्या खाजगी पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांवर केलेले आरोप प्रसिद्ध झाले. परत आल्यावर त्यांना त्यांचा पुरावा देता आला नाही आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीमुळे त्यांच्यावर पुण्यात कठोर टीका झाली. पुढील पंधरा वर्षांत पुराव्याविना एकही विधान करावयाचे नाही, हा जो कटाक्ष त्यांच्या भाषणांत दिसतो, त्याची एक बाजू या प्रसंगाच्या प्रकाशात वाचणे योग्य होईल.

इ. स. १८९९ मध्ये मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या मतदारसंघातून ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले. याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व १८९५ पासून १८९७ पर्यंत बाळ गंगाधर टिळक यांनी केले होते. कायदेमंडळाच्या उपयुक्ततेविषयी पुढे परस्परविरुद्ध मते धारण करणारे हे दोन पुरुष एकाच जागेवरून निवडून यावेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या काळातील मुख्य प्रसंग म्हणजे इ. स. १९०१ मधील शेतसाऱ्याच्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर पुष्कळ रयतेकडे साऱ्याची बाकी थकली होती. अशा बाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा रयतेस देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यावा, म्हणजे ती सावकाराच्या घशात जाणार नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. गोखल्यांचा आक्षेप असा, की सावकाराचा जाच खरा असला, तरी त्याच्याविना शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी भांडवल पुरविणारी दुसरी कोणतीही व्यवस्था सरकारने उभी केलेली नाही. पत काढून घेतली आणि तिच्या जागी काही दिले नाही, तर शेतकरी मुक्त होणार नाही. तो केवळ सरकारचे कूळ बनेल. ऑगस्ट १९०१ मध्ये पुण्यास भरलेल्या बैठकीत बिल तहकूब ठेवण्याची सूचना सरकारी मताधिक्याने फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता सभागृहातून निघून गेले. गोखल्यांनी आपण अनादराने नव्हे, तर कर्तव्य म्हणून जात आहोत असे सांगून त्यांचे अनुकरण केले.

बिल अर्थातच मंजूर झाले. सभात्यागाने कायदा अडला नाही. तथापि लोकनियुक्त सभासदांची संमती नसताना झालेला कायदा असा त्याच्यावर जो शिक्का बसला, तो सरकारला पुसता आला नाही. गोखल्यांनी मात्र हे साधन आपल्या नेहमीच्या उपयोगाचे मानले नाही. पुढील चौदा वर्षे त्यांनी दुसरा मार्ग चोखाळला.

३. अंदाजपत्रकाची शिल्लक

इ. स. १९०१ मध्ये मेहतांनी सोडलेल्या जागी मुंबई कायदेमंडळाच्या बिनसरकारी सभासदांनी गोखल्यांना वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून दिले. १८९२ च्या कायद्यान्वये त्या मंडळातील जादा सभासदांची कमाल संख्या १६ होती आणि बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे होते. अंदाजपत्रकावरील चर्चा वर्षातून एकदा, मार्चच्या अखेरीस होत असे. त्या वेळी सर्व आकडे निश्चित झालेले असत आणि चर्चेअंती मतदान होत नसे.

अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या आरंभीच्या प्रतिनिधिसभांशी तुलना केल्यास या स्थितीचे स्वरूप स्पष्ट होते. व्हर्जिनियात इ. स. १६१९ मध्ये भरलेल्या सभेपासून तेथील प्रतिनिधींनी हळूहळू कर बसविण्याचा आणि पैसा मंजूर करण्याचा हक्क आपल्या हाती घेतला. मॅसॅच्युसेट्समध्ये १७२८ साली गव्हर्नर बर्नेट यांनी कायम वेतनाची मागणी केली, तेव्हा तेथील सभेने ती साफ नाकारली. वेतन दरसाल आपल्या मंजुरीनेच द्यावयाचे हा तिचा आग्रह होता. तिजोरीची किल्ली हाती असल्यामुळे त्या सभा गव्हर्नराला नमवू शकत. गोखल्यांच्या हाती किल्ली नव्हती. हिशेबाची वही तेवढी पाहावयास मिळत होती. त्यांनी तिचाच उपयोग करण्याचे ठरविले.

२६ मार्च १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी केलेले पहिले अंदाजपत्रकीय भाषण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्या वर्षी सरकारी जमाखर्चात कोट्यवधी रुपयांची शिल्लक होती आणि ती देशाच्या वाढत्या समृद्धीचे चिन्ह आहे असा सरकारी सूर होता. दुष्काळाला जेमतेम दोन वर्षे झाली असताना ही समृद्धी आली कोठून, असा प्रश्न गोखल्यांनी उपस्थित केला आणि त्याचे उत्तर हुंडणावळीच्या दरात शोधले.

हा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे. हिंदुस्थान सरकारला विलायतेतील खर्चापोटी दरसाल दीड कोटीहून अधिक पौंड पाठवावे लागत. चांदीचा भाव उतरत गेल्यामुळे १८९४-९५ च्या सुमारास रुपयाची किंमत सुमारे १३ पेन्सपर्यंत घसरली होती. त्या दराने एका पौंडास, म्हणजे २४० पेन्सांस, सुमारे साडेअठरा रुपये पडत. टांकसाळी १८९३ मध्ये खाजगी चांदीला बंद केल्यावर रुपयाची किंमत चढत जाऊन शतकाच्या अखेरीस १६ पेन्सांवर स्थिर झाली. म्हणजे पौंडास १५ रुपये पडू लागले. दर कोटी पौंडांमागे सरकारचे सुमारे साडेतीन कोटी रुपये वाचू लागले. परंतु रुपया घसरत होता त्या काळात तूट भरून काढण्यासाठी वाढविलेले कर तसेच राहिले होते. १८८८ मध्ये मिठावरील कर मणी दोन रुपयांवरून अडीच रुपये केला गेला, त्याचे एक कारण हेच होते. तूट संपली आणि कर उरले, म्हणून शिल्लक दिसू लागली. प्रजेचे उत्पन्न वाढले म्हणून नव्हे, असे गोखल्यांचे प्रतिपादन होते. त्यावरून निघणारा निष्कर्ष सरळ होता : शिल्लक ही रयतेकडून आवश्यकतेपेक्षा अधिक घेतलेली रक्कम आहे, आणि ती परत करण्याचा पहिला मार्ग म्हणजे गरिबांवरील कर कमी करणे होय.

या युक्तिवादाचे सामर्थ्य असे, की तो संपूर्णपणे सरकारच्या स्वतःच्या आकड्यांवर उभा होता. त्यामुळे त्याला राजद्रोह म्हणता येत नव्हते आणि अज्ञान म्हणून उडवूनही लावता येत नव्हते. अर्थखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ यांना उत्तर द्यावे लागले. दरवर्षी मार्चमध्ये असे उत्तर देण्याची पाळी येणार, हे गृहीत धरूनच पुढे अर्थखात्याला आपली बाजू मांडावी लागली.

ही तयारी एकट्याची नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. सरकारी शिक्षणखात्यात शिक्षकी करणारे गणेश व्यंकटेश जोशी हे अर्थशास्त्रीय आकडेवारीचे असाधारण जाणकार होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी विपुल लेखन केले होते आणि गोखले आपल्या भाषणांसाठी त्यांचे साहाय्य घेत असत. कलकत्त्याच्या सभागृहात गाजलेल्या भाषणांमागे प्रांतातील एका शाळामास्तराची टिपणे होती. लोकपक्षाला सरकारी कचेऱ्यांचे साहाय्य नसताना संशोधन कसे उभे राहिले, याचे हे उदाहरण होय.

परिणामांचा विचार करता, १९०३ मध्ये मिठावरील कर अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. १९०३ मध्येच प्राप्तिकराची माफीची मर्यादा वार्षिक ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर नेण्यात आली. हे सर्व गोखल्यांच्या भाषणांमुळेच झाले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. शिल्लक दिसत असताना काही सूट देणे सरकारलाही सोयीचे होते. परंतु कोणती सूट प्रथम द्यावी, या प्रश्नाची मांडणी त्यांनी केली आणि सरकारने त्याच क्रमाने पावले टाकली, एवढे निश्चितपणे म्हणता येते. याउलट गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के अंतर्गत जकात आणि लष्करी खर्च या बाबतींत त्यांची वर्षानुवर्षांची टीका निष्फळ ठरली. जेथे लँकेशायरचे हित अथवा साम्राज्याचे संरक्षण आड आले, तेथे आकड्यांचा युक्तिवाद थांबला.

४. ठरावाचा हक्क आणि शिक्षणाचे बिल

इ. स. १९०९ च्या सुधारणांनी वरिष्ठ मंडळातील जादा सभासदांची मर्यादा ६० केली, मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची मुभा दिली आणि ठराव मांडून त्यावर मत घेण्याची सोय केली. सरकारी बहुमत मात्र कायम राहिले. नव्या नियमांचा उपयोग गोखल्यांनी तत्काळ केला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी नाताळ वसाहतीत करारबद्ध मजूर पाठविण्यास बंदी करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा असा ठराव मांडला. तो सरकारने मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळकडे होणारी मजूरभरती बंद झाली. परंतु ४ मार्च १९१२ रोजी ही पद्धतीच सर्वत्र रद्द करावी असा ठराव त्यांनी आणला, तेव्हा तो ३३ विरुद्ध २२ मतांनी पडला. त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये मदनमोहन मालवीय यांनी त्याच आशयाचा ठराव मांडला, तो सरकारने स्वीकारला. १९१७ मध्ये भरती थांबली.

प्राथमिक शिक्षणाचे बिल ही या कारकिर्दीची खरी कसोटी होय. १९११ च्या शिरगणतीत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा ६ च्या आसपास होते. मार्च १९१० मध्ये मांडलेला ठराव आश्वासनावर मागे घेतल्यानंतर १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी बिल दाखल केले. त्याची रचना अत्यंत सावध होती. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती होती आणि मुलींना ती पुढे लागू करता येणार होती. ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथील नगरपालिकेने वा बोर्डाने, सरकारची पूर्वसंमती घेऊनच, ती अमलात आणावयाची होती. दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्ती असलेल्या पालकांकडून फी घ्यावयाची नव्हती. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा अशी अपेक्षा होती.

एवढे सौम्य बिलही टिकले नाही. १८ व १९ मार्च १९१२ रोजी चर्चा होऊन ते निवड समितीकडे पाठविण्याची सूचना ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. महंमद अली जिना आणि मालवीय यांनी पाठिंबा दिला. परंतु विरोध केवळ सरकारी बाकांवरून झाला असे नाही. बरद्वानच्या महाराजांसारखे काही जमीनदार सभासदही विरुद्ध गेले. या मतदानाने उघड केलेली गोष्ट अशी, की बिनसरकारी सभासद आणि बहुजन समाज यांचे हित एकच आहे असे गृहीत धरता येत नाही. सक्तीच्या शिक्षणाची मागणी कायदेमंडळात गोखल्यांनी आणली हे खरे; परंतु ती तीस वर्षांपूर्वी, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन करून केली होती आणि ती शेतकरी व कारागीर वर्गाच्या वतीने केली होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात ती अमलातही आणली होती. गोखल्यांनी बडोद्याचा दाखला वारंवार दिला. मर्यादित मतदारसंघातून निवडलेल्या तेरा सभासदांना जे साधले नाही, ते एका संस्थानिकाच्या आज्ञेने साधले होते, हा विरोधाभास त्या काळच्या राज्यव्यवस्थेचाच होता.

५. मर्यादा आणि मूल्यमापन

गोखल्यांच्या पद्धतीत एक जोखीम अंगभूत होती. सरकारचे कान आपल्या युक्तिवादासाठी उघडे राहावेत म्हणून काही प्रसंगी सरकारशी जुळवून घ्यावे लागते. १९०४ चा विद्यापीठांचा कायदा आणि १९०७ चे राजद्रोही सभांविषयीचे बिल यांना त्यांनी निकराने विरोध केला. परंतु फेब्रुवारी १९१० मध्ये, नाशिकच्या कलेक्टरच्या खुनानंतर दोन महिन्यांच्या आत आलेल्या वृत्तपत्रविषयक बिलाला त्यांनी तात्पुरता उपाय म्हणून, नाराजीने का होईना, संमती दिली. तो कायदा तात्पुरता राहिला नाही. तो १९२२ मध्ये रद्द होईपर्यंत देशी वृत्तपत्रांना त्याचा उपद्रव झाला. जहालांनी या पद्धतीवर जे आक्षेप घेतले, त्यांतील हा सर्वांत वजनदार आक्षेप होय आणि गोखल्यांच्या चाहत्यांनी त्याला पुरेसे उत्तर दिलेले नाही.

दुसऱ्या बाजूने, कायदेमंडळ निरर्थक आहे या मतालाही पुराव्याची जोड मिळत नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले पुण्यात वारले. १९१७ मध्ये कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या राज्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. ज्या राज्यात गोखल्यांचे वडील फौजदार होते आणि ज्या राज्यात त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले, तेच हे राज्य. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई कायदेमंडळाने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा केला. त्याची अनुज्ञात्मक चौकट गोखल्यांच्या पडलेल्या बिलाशी जुळते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत यावयास २००२ साल उजाडले, आणि तदनुसार केलेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. १९११ च्या बिलात जे स्थानिक संस्थेच्या मर्जीवर सोपविले होते, ते येथे राज्याचे बंधन झाले.

गोखल्यांनी स्वतः बिलावरील चर्चेच्या अखेरीस हे मान्य केले होते, की आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशाच्या द्वारेच देशसेवा करणे आले आहे. हे उद्गार पुष्कळदा नम्रतेचे लक्षण म्हणून सांगितले जातात. वस्तुतः त्यांत कायदेमंडळाच्या स्वरूपाचे अचूक निदान आहे. मताने निर्णय होत नाही अशा सभागृहात सभासदाचे काम निर्णय घेण्याचे नसते. निर्णय घेणाऱ्याला कारणे सांगावयास लावण्याचे असते. ही कारणे एकदा छापील कार्यवृत्तात आली, की ती पुढील वर्षी, पुढील सभासदाला आणि सभागृहाबाहेरील वाचकाला उपलब्ध होतात. श्रीनिवास शास्त्री हे भारत सेवक समाजातील गोखल्यांचे उत्तराधिकारी; १९१६ मध्ये ते वरिष्ठ मंडळात आले आणि १९१९ मध्ये रौलट बिलांना त्यांनी तेथे विरोध केला. तोही मतदानात हरला. परंतु तोवर एकही लोकनियुक्त हिंदी सभासद बाजूस नसताना कायदा करणे सरकारला नैतिकदृष्ट्या महाग पडू लागले होते.

म्हणून या काळच्या कायदेमंडळांचा अभ्यास करताना केवळ कायद्यांची कलमे किंवा केवळ मतांची संख्या पाहणे अपुरे आहे. ३८ विरुद्ध १३ हा आकडा १९१२ मधील सत्तेचे वाटप दाखवितो. त्या दोन दिवसांच्या चर्चेचे कार्यवृत्त मात्र सत्ता हाती आल्यावर लोकप्रतिनिधींनी काय करावयाचे, याचा मसुदा दाखविते. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यासच गोखल्यांच्या कार्याचे मोल आणि त्याची उणीव यांचा यथार्थ निर्णय करता येईल.